रात्री पाय का वळवळतात? रक्तातील लोह आणि झोप यांचा संबंध



औंढ्याच्या नागनाथाच्या देवळातली नामदेव महाराज आणि विसोबा खेचर यांची गोष्ट आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकले, तर म्हाताऱ्याने त्यांनाच सांगितले, की देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिकडे नेले तिकडे पिंडीच पिंडी. त्या गोष्टीचा अर्थ फार मोठा आहे, तो सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु "हे पाय आता कुठे ठेवू म्हणजे स्वस्थ राहतील?" हा साधा प्रश्न आपल्या कितीतरी घरांत रोज रात्री पडतो. या अंकातील आरोग्याचा पाठ त्याच प्रश्नावर आहे.

मागच्या एका गाळप हंगामात औंढा भागातले एक सभासद ऊस नोंदीच्या कामासाठी आमच्याकडे आले होते. बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. आम्ही विचारले, "काय हो, रात्री पाणी धरलं होतं का?" ते म्हणाले, "पाणी न्हाई धरलं. घरची रातभर अंगणात फेऱ्या मारायली. तिचे पाय लई वळवळ करायलेत. पोरीचे हात चेपून चेपून दुखून आले. तिला झोप न्हाई, अन् मलाबी न्हाई."

त्या माउलीचे वय चाळीसच्या आतबाहेर. दिवसभर शेतात आणि घरात कामाला वाघीण. पण दिवेलागण झाली, जरा टेकली, की पिंढऱ्यांत आतून काही तरी सरपटल्यासारखे होई. उठून चालले की बरे, पडले की पुन्हा सुरू. जुन्या लुगड्याची पट्टी पिंढरीला करकचून बांधून ती निजत असे. कोणी म्हणाले वात आहे, कोणी म्हणाले थकवा आहे, एकाने तर बाहेरची बाधा सांगितली. एके ठिकाणी रक्त तपासले. हिमोग्लोबिन १२ च्या जरा वर निघाले. "रक्त चांगले आहे, मनाला लावून घेऊ नका," असे सांगून परत पाठवले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी अंगातल्या लोहाचा साठा तपासला, तो अवघा ११ निघाला. पाळीच्या वेळी रक्तस्राव फार होतो, हे त्यांनी विचारले तेव्हाच बाहेर आले. त्यावर उपचार झाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी पाय पुरते नाही, तरी पुष्कळ शांत झाले. पट्टी सुटली.

ही हकीकत एका घरची असली तरी त्यातला धडा सर्वांच्या उपयोगाचा आहे, म्हणून विस्ताराने लिहीत आहोत.

हा त्रास ओळखावा कसा?

पाय दुखण्याची कारणे शंभर. शेतकऱ्याचे पाय दुखणारच. पण या त्रासाच्या चार खुणा आहेत, आणि त्या चारही एकत्र असाव्या लागतात.

१) पाय हलवावेत अशी अनावर ओढ लागते. बहुधा पायात खोलवर वळवळ, सरसर, ओढ किंवा मुंग्या असे काही तरी होते. नेमके काय होते ते अनेकांना शब्दांत सांगताच येत नाही.

२) बसले किंवा पडले की त्रास सुरू होतो अथवा वाढतो. एसटीच्या लांबच्या प्रवासात, कीर्तनात मांडी घालून बसल्यावर, अंथरुणावर.

३) उठून चालले, पाय झाडले, चेपले की तेवढ्यापुरते बरे वाटते.

४) संध्याकाळी व रात्री त्रास जास्त, सकाळी कमी.

झोपेत पायात गोळा येऊन पिंढरी दगडासारखी होते, तो त्रास वेगळा. मधुमेहात तळपायाची आग होते तीही वेगळी, कारण ती चालल्याने थांबत नाही. पायाच्या शिरा फुगणे हेही निराळे. डॉक्टरांना ही चार लक्षणे नीट सांगितली तर निम्मे निदान तिथेच होते.

यात आणखी एक गोष्ट असते. अशा बहुतेक माणसांचे पाय झोपेतही ठरावीक अंतराने झटके देतात. त्याला स्वतःला ते कळत नाही, शेजारी निजणाऱ्याला कळते. झोप तुकड्यातुकड्यांत होते आणि सकाळी अंग जड राहते. मग दिवसा चिडचिड, कामात चुका. उसाने भरलेली ट्रॉली घेऊन पहाटे रस्त्यावर असलेल्या चालकाची झोप अशी मोडलेली असेल तर काय होऊ शकते, ते आम्ही सांगायला नको.

नाव नवे, दुखणे जुने

हे आजकालचे फॅड नव्हे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली या दुखण्याचे वर्णन करून ठेवले आहे. स्वीडनचे डॉक्टर कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ साली त्याचा सविस्तर अभ्यास केला आणि अस्वस्थ पाय अशा अर्थाचे नाव दिले. त्याच देशात १९५० नंतरच्या काही वर्षांत नॉर्डलांडर नावाच्या डॉक्टरांनी अशा रोग्यांना शिरेतून लोह देऊन पाहिले व पुष्कळांना उतार पडला. म्हणजे लोहाचा संबंध कळून सत्तर वर्षे झाली. आपल्या घरापर्यंत मात्र ती गोष्ट अजून पोचायची आहे.

हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे दुप्पट आढळतो. गरोदरपणी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत तो वाढतो आणि बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो. मूत्रपिंडाच्या रोग्यांत तो बराच दिसतो. शिवाय तो घराण्यात चालत येतो. आईचे पाय रात्री चेपावे लागत असतील तर लेकीकडेही लक्ष ठेवावे.

उसावरचा केवडा आठवा

लोह आणि पाय यांचा संबंध समजायला आपल्याला पुस्तकाची गरज नाही, आपले शेत पुरे आहे. चुनखडीच्या रानात उसाला केवडा पडतो. कोवळी पाने पिवळी, पुढे पांढरी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्या जमिनीत लोह नसते का? असते, ढिगाने असते. पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. म्हणून आपण हेक्टरी २५ किलो हिराकस शेणखतात मुरवून देतो, किंवा पानांवर फवारणी करतो.

माणसाचेही तसेच. ताटात लोह असते, पण ते सगळे रक्तात जात नाही. रक्तात गेलेले सगळे मेंदूत पोचत नाही. पायाची वळवळ दिसते पायात, पण तिचे मूळ मेंदूत आहे. मेंदूत डोपामीन नावाचे एक द्रव्य तयार होते. हालचालीवर ताबा ठेवणे हे त्याचे एक काम. ते तयार करणाऱ्या यंत्रणेला लोह लागते. लोह कमी पडले की डोपामीनचा कारभार बिघडतो, आणि तो बिघाड संध्याकाळनंतर जास्त जाणवतो. या रोग्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत असे आढळले आहे, की रक्त ठीक दिसत असतानाही मेंदूच्या काही भागांत लोह कमी असू शकते. त्या माउलीचे रक्त "चांगले" निघूनही पाय का वळवळत होते, याचे उत्तर इथे आहे.

कालव्याचे पाणी आणि धरणातला साठा

कालव्याला पाणी सुटले आहे, एवढ्यावरून सिद्धेश्वर धरण भरलेले आहे असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का? धरणाचा तळ दिसायला लागला तरी काही दिवस कालवा वाहत राहतो. रक्तातले हिमोग्लोबिन हे कालव्याचे पाणी. अंगात साठवलेले लोह हा धरणातला साठा. तो मोजायच्या तपासणीला फेरिटिन म्हणतात. आधी साठा आटतो, हिमोग्लोबिन मागाहून उतरते. म्हणून नुसते हिमोग्लोबिन पाहून भागत नाही.

हा आकडा १५ च्या खाली गेला की मोठ्या माणसातला साठा संपला, असे जागतिक आरोग्य संघटना धरते. पण पायांच्या या त्रासासाठी माप वेगळे आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०२५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल, अथवा रक्तातल्या लोहवाहक प्रथिनाची भरती २० टक्क्यांच्या खाली असेल, तर मोठ्या माणसाला लोह देण्याचा विचार करावा. प्रयोगशाळेच्या कागदावर ३० हा आकडा "सर्वसाधारण" या रकान्यात छापलेला असतो. तो इतरांसाठी ठीक, पाय वळवळणाऱ्यासाठी अपुरा असू शकतो. हा आकडा डॉक्टरांना दाखवून विचारावे.

तपासणीचे दोन नियम आहेत. ती सकाळी करावी व आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नये. आणि अंगात ताप, सूज किंवा जंतुसंसर्ग असताना हा आकडा खोटाच वर चढतो, म्हणून बरे झाल्यावर तपासावे. ही तपासणी प्रत्येक दवाखान्यात होतेच असे नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. तिथे नसेल तर हिंगोलीला किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारावे.

लोह गळते कुठे?

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. म्हणजे बायकांत निम्म्याहून जास्त. साठा आटलेल्या पण हिमोग्लोबिन टिकलेल्या बायका यात धरलेल्याच नाहीत.

पहिली गळती मासिक पाळीची. जास्त जात असेल तर बाई सांगत नाही, आणि आपण विचारत नाही. दुसरी, लागोपाठची बाळंतपणे. तिसरी, आकडीकृमी. हा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. पाणी धरताना आपण अनवाणीच असतो. पायात रबरी बूट, घरात संडास आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध, एवढे केले तर ही गळती थांबते. चौथी, अंगदुखीच्या गोळ्या. कंबर दुखली की दुकानातून गोळी आणून रोज खाणाऱ्यांच्या जठरातून नकळत रक्त झिरपते.

पुरुषाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या अंगातले लोह कमी निघाले तर नुसत्या गोळ्या खाऊन गप्प बसू नये. मूळव्याध, जठराचा व्रण, क्वचित आतड्याचा कर्करोग अशी कारणे असू शकतात. बांध कुठे फुटला ते न पाहता पाणी सोडत राहण्यात शहाणपण नाही.

ताटात काय असावे?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यानुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम आणि पाळी चालू असलेल्या बाईला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. बाईला जास्त लागते, आणि आपल्या घरात ती जेवते सर्वांच्या शेवटी. उरलेसुरले खाऊन २९ चा हिशेब कसा जुळणार?

गुळाबद्दल खरे ते सांगतो. आपण ऊसवाले, गुळाचा आपल्याला अभिमान. साखरेत लोह जवळजवळ नसते, गुळात ते १०० ग्रॅमला सुमारे साडेचार मिलिग्रॅम असते. पण दहा ग्रॅमच्या खड्यात ते अर्धा मिलिग्रॅमही भरत नाही. गूळ-शेंगदाणे जरूर खावेत, पण गुळाच्या खड्याने लोहाचा साठा भरेल ही समजूत सोडावी.

बाजरीत ते १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर असते. धनशक्ती नावाचे जास्त लोहाचे बाजरीचे वाण २०१२ पासून महाराष्ट्रात लागवडीला आले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वयाच्या २४६ शाळकरी मुलामुलींवर एक प्रयोग झाला व २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. काहींना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी दिली, काहींना साध्या बाजरीची. चार महिन्यांत जास्त लोहाच्या बाजरीवाल्यांचा साठा वाढलेला दिसला. सुरुवातीला ज्यांच्यात लोह कमी होते, त्यांच्यात साठा भरून येण्याची शक्यता सहा महिन्यांत दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होती. औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसती भाकरी. उसाच्या पट्ट्याशेजारी घरापुरती का होईना बाजरी असावी, ती यासाठी.

मोड आलेली मटकी, हरभरा, राजगिऱ्याची भाजी, अळीव, तीळ हेही असावे. खाणाऱ्यांनी मटण, काळीज, मासे खावेत, त्यातले लोह लवकर अंगी लागते. भाजीपाल्यातले लोह अंगी लागायला आंबट लागते. भाकरीबरोबर लिंबाची फोड, आवळा, पेरू किंवा कच्चा टोमॅटो घ्यावा. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढावी. आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, तो लोहाला उसातल्या चुनखडीसारखाच अडवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. संध्याकाळचा चहा व दारू पायांची वळवळही वाढवतात, हा आणखी एक तोटा.

गोळी घ्यायची तर अशी

साठा खूप आटला असेल तर आहाराने तो लवकर भरत नाही, गोळी लागते. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यावी. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व सोबत फॉलिक आम्ल असते. ती गोळी ताई आणून देतात आणि पुष्कळ घरी डब्यात पडून राहते, ही खेदाची गोष्ट आहे.

गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झाले तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावे. एक दिवसाआड घेतलेली गोळी अंगी चांगली लागते व त्रासही कमी देते, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नये. साठा भरायला तीन महिने लागतात, मग पुन्हा तपासावे. गोळी पचत नसेल किंवा अंगी लागत नसेल तर डॉक्टर शिरेतून लोह देतात. ते रुग्णालयातच घ्यावे.

दोन इशारे. गोळीतही बहुधा फेरस सल्फेट असते आणि हिराकसही फेरस सल्फेटच. म्हणून कोणी शेतातले हिराकस खाण्याचा विचार करू नये. ते शुद्ध नसते, त्याला माप नसते, ते विष ठरेल. दुसरे, लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गोड समजून मूठभर खाल्लेल्या गोळ्यांनी मुलाचा जीव जाऊ शकतो. तसेच तपासणीवाचून वर्षानुवर्षे लोह खाणेही वाईट. थॅलेसेमिया, सिकलसेल असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

लोहाने सर्वांचेच पाय थांबतात का?

नाही. साठा चांगला असूनही काहींचे पाय वळवळतात. काही औषधांनी हा त्रास वाढतो. सर्दी-खाजेवरच्या काही गुंगीच्या गोळ्या, उलटी थांबवण्याची काही औषधे, मनाच्या आजारावरची काही औषधे यांत येतात. झोप येत नाही म्हणून सर्दीची गोळी घेणाऱ्याचे पाय म्हणूनच जास्त वळवळू शकतात. चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवावीत, मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. लोहाशिवायची औषधेही आहेत. त्यांपैकी डोपामीनसारखे काम करणारी औषधे आरंभी गुण देतात, पण काही वर्षांनी त्रास उलट वाढवू शकतात. म्हणून आता डॉक्टर ती जपून देतात. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ती आणू नयेत.

शेवटी

आपला ऊस फडातून गव्हाणीपर्यंत येतो तो तोडणीवाल्या बहिणींच्या हातांनी आणि पायांनी. पहाटे उठून दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला रात्री कोपीत पाय टेकवता येत नसतील, तर ते ऐकायला तिथे कोण असते? फडावर आरोग्य तपासणी होईल तेव्हा "रात्री पाय वळवळतात का? पाळीत जास्त जाते का?" हे दोन प्रश्न विचारले जावेत, असे आम्हाला वाटते. सभासदांनी आपल्या फडावर तसा आग्रह धरावा.

उसाचे पान पिवळे पडले तर आपण दुसऱ्या दिवशी शेतकी खात्याकडे धावतो. घरातली बाई वर्षानुवर्षे रात्री अंगणात फिरते, तिला मात्र आपण "तुला सवयच आहे" म्हणतो. सभासद बंधूंनी हा पाठ घरातल्या आई-बहिणींना, सुनेला, लेकीला बसवून वाचून दाखवावा. वाचून झाल्यावर वरच्या चार खुणा एकेक करून विचाराव्यात. उत्तर "होय" आले, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी करून घ्यावी, आणि तोवर ताटात भाकरीशेजारी लिंबाची फोड ठेवावी.